दोघांना एकच पलंग हवाय

गोव्याच्या सुट्टीविषयी काय विचारायचं ते विचारा, असं गेल्या अंकात लिहिलं होतं. काजू कुठून घ्यावेत, दूधसागरला कधी जावं, ही नेहमीची पत्रं आलीच. त्यांची उत्तरं पुढच्या महिन्यात. या वेळी एक वेगळा गठ्ठा आलाय. पुण्याचे दोन मुलगे, नाशिकच्या दोन मुली, सोलापूरचे एक गृहस्थ, डोंबिवलीची एक आई. बहुतेकांचा सूर साधारण एकच: गोव्यात आमच्यासारख्या समलिंगी माणसांना कोणी काही बोलत नाही म्हणतात, ते कितपत खरं?

मी पेडण्याचा. कळंगुट-कांदोळीच्या हॉटेलांत रिसेप्शनच्या मागे उभं राहून माझं अर्धं आयुष्य गेलं. आणि घरी जोडीदार आहे, तो पुरुषच आहे. म्हणजे काउंटरच्या दोन्ही बाजू मला माहीत आहेत. पत्रं बरीच छाटून छापतोय आणि नावं गाळलीत.

पुण्याहून: *काका, आम्ही दोघं एकत्र राहतो. घरमालकाला 'रूम पार्टनर' म्हणून सांगितलंय. डिसेंबरात गोव्याला यायचं ठरतंय. हॉटेलात एकच पलंग मागितला तर काही बोलतील का? हात धरून फिरता येईल? आणि राहायचं नक्की कुठे?*

पलंगापासून सुरुवात करू, कारण निम्म्या सुट्टीचा मूड तिथेच ठरतो.

खोली मिळायला अडचण नाही. दोन पुरुष एका खोलीत राहतात याचं गोव्यात कुणाला नवल नाही. उलट लग्न न झालेले मुलगा-मुलगी एखाद्या गावातल्या गेस्ट हाउसात आले तर मालकिणीच्या भुवया आजही वर जातात. तुमचा घोळ होतो तो आमच्या मंडळींच्या मदतीच्या हौसेपायी. बुकिंगमध्ये तुम्ही डबल बेड घेतलेला असतो. काउंटरवरचा पोरगा दोन आधार कार्डं बघतो, दोन्हीवर पुरुष. त्याला वाटतं, बिचाऱ्यांनी चुकून भलतंच बटण दाबलं. तुम्ही सोफ्यावर कोकम सरबत पीत बसलेले असता आणि तो हाउसकीपिंगला फोन करून हळूच सांगतो, 'दोनशे चारचे पलंग वेगळे करा.' वर जाऊन बघता तर मध्ये टेबल, टेबलावर दिवा, आणि दोन भिंतींना दोन पलंग. मग खाली येऊन सांगायचं, तो ओशाळणार, वर माणूस पाठवणार. तो माणूस दोन सिंगल पलंग एकमेकांना भिडवतो आणि वरून एक मोठी चादर ताणून घालतो. दिसायला झकास. रात्री मधल्या फटीत दोघांपैकी एक जण जातोच.

म्हणून येण्याआधी लेखी कळवा. हॉटेलच्या नंबरवर सरळ मेसेज टाका: 'आम्ही दोघे पुरुष आहोत, जोडपं आहोत, एक सलग डबल बेड हवा, जोडलेल्या गाद्या नकोत.' आणि उत्तर कसं येतं ते बघा. 'होय सर, ठेवतो' आलं तर बुक करा. 'आल्यावर बघू' आलं, किंवा दोन दिवस उत्तरच नाही, तर दुसरं हॉटेल बघा. या एका मेसेजात जेवढं कळतं तेवढं शंभर रिव्ह्यू वाचून कळत नाही. दोघांचीही ओळखपत्रं लागतील. ती सगळ्यांनाच लागतात, त्यात तुम्हाला कोणी वेगळं काढलेलं नाही.

कायद्याचं थोडक्यात. सुप्रीम कोर्टाने ६ सप्टेंबर २०१८ ला सज्ञान माणसांच्या संमतीच्या संबंधांना, समलिंगी संबंध गुन्हा ठरवणाऱ्या ३७७ कलमातून सोडवलं, आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत ते कलमच नाही. दोन पुरुषांनी एका खोलीत राहण्याला बंदी घालणारा कायदा नाही. लग्नाचा हक्क मात्र कोर्टाने १७ ऑक्टोबर २०२३ च्या निकालात दिला नाही. तेव्हा फॉर्मवर 'नातं' असा रकाना आलाच तर 'मित्र' लिहा की 'पार्टनर', हॉटेलला काही फरक पडत नाही.

हात जरूर धरा. आपल्याकडे एसटी स्टँडवरसुद्धा दोस्त करंगळीत करंगळी अडकवून फिरतात. चुंबनं, मिठ्या वगैरे खोलीत. हे तुम्हाला म्हणून सांगत नाही. किनाऱ्यावर उघड्यावर चाळे केले तर मुलगा-मुलगीलाही पोलीस हटकतात, आणि अश्लील वर्तनाचं कलम नव्या संहितेतही आहे. दुसरं असं की ज्या वाळूवर तुम्ही पडलेले असता तिच्यामागे माडांच्या आड कुणाचं तरी घर असतं. म्हातारी सुकी मासळी वाळत घालत असते. ती तुम्हाला काही बोलणार नाही, पण बघते, आणि संध्याकाळी सुनेला सांगते. गोव्याचं मोकळेपण म्हणतात ते हे असं आहे: आम्ही विचारत नाही. त्याचा अर्थ आम्हाला दिसत नाही असा करू नका.

आता राहायचं कुठे. बागा-कळंगुटला पहिल्यांदा येणारा प्रत्येक जण जातो, तुम्ही एक संध्याकाळ जाऊन बघून या. राहू नका. शनिवार-रविवारी तिथे आठ-आठ, दहा-दहा जणांची टोळकी येतात, दुपारपासून चढलेली असते, आणि जोडपं कुठलंही असो, शेरा ऐकून घ्यावा लागतो. नाचायचं असेल तर वागातोर-हणजूण बाजूला राहा. ओझरानचा छोटा किनारा, वरचे कडे, चापोऱ्याचा किल्ला, सगळं हाताशी. आराम हवा असेल तर नदी ओलांडून उत्तरेला, माझ्या तालुक्यात या. आश्वे आणि मांद्रे. लांबच लांब वाळू, तुरळक शॅक (म्हणजे वाळूवरची खाण्यापिण्याची झोपडी-हॉटेलं), परदेशी माणसं पुष्कळ, आणि शॅकवाल्यांना तुमच्यासारखी जोडपी सवयीची. मोरजीला समुद्री कासवं अंडी घालतात, म्हणून तिथे काही पट्ट्यात रात्री दिवे आणि आवाज चालत नाहीत. हरमलला गोड्या पाण्याचं तळं आहे आणि सूर्यास्ताला ढोल बडवणारे लोक आहेत. ढोल मला सोसत नाहीत, तळं बघण्यासारखं आहे.

तारखा जमल्या तर डिसेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात या. ३ तारखेला जुन्या गोव्याचं फेस्त, म्हणजे चर्चची जत्रा, असते, पणजीकडच्या रस्त्यावर त्या दिवशी गर्दी. नाताळ ते नवीन वर्ष या आठवड्यात खोल्यांचे भाव दुप्पट-तिप्पट होतात आणि हणजूण ते कळंगुट हे एवढंसं अंतर कापायला तास जातो.

येताना पुण्याहून रात्रीची बस म्हापशाला सोडते, तेच सोयीचं. ओला-उबर इथे चालत नाहीत. गोवा माइल्स नावाचं अॅप आहे, नाहीतर स्टँडवरची टॅक्सी, आणि तिचा भाव ऐकून पुणेकर हमखास गप्प होतो. एकट्याला जवळ जायचं तर 'पायलट' म्हणजे मोटारसायकलवाला बघा. स्कूटर भाड्याने घ्याल तर काळ्या पाटीवर पिवळी अक्षरं असलेलीच घ्या. पांढऱ्या पाटीची खासगी गाडी कोणी स्वस्तात देऊ केली तर पुढच्या नाक्यावर दंड तुम्ही भरणार. हेल्मेट दोघांनीही घालायचं. पिऊन तर अजिबात चालवायची नाही. इथले रस्ते अरुंद, वळणावळणाचे आणि रात्री काळोखे.

सोलापूरहून: *माझं वय बावन्न. सरकारी नोकरी. लग्न केलं नाही, आईची सेवा केली. ती गेल्या वर्षी गेली. आयुष्यात एकदा तरी 'आपल्या' माणसांच्या बारमध्ये जाऊन बसावं अशी इच्छा आहे. मी दारू पीत नाही. गोव्यात असा बार कुठे आहे? या वयात तिथे हास्यास्पद दिसेन का?*

दादा (तुम्ही माझ्याच वयाचे, म्हणून दादाच म्हणतो), हास्यास्पद दिसण्याची काळजी सोडा. गोव्यातल्या डान्स फ्लोअरवर साठीची जर्मन माणसं लुंगी लावून नाचतात, त्यांना कोणी हसत नाही. बारमध्ये जाऊन ताज्या लिंबाचा सोडा मागा. बारमनला तोच बनवायला सोपा.

पण बारचा पत्ता काढायचा तर जरा समजून घ्या. परदेशात असतात तशा, बाहेर इंद्रधनुष्याचा झेंडा लावलेल्या, बारा महिने चालणाऱ्या ठरावीक जागेच्या शोधात तुम्ही गल्ल्या पालथ्या घातल्यात तर पायांचे तुकडे पडतील आणि हाती काही लागणार नाही. इथे चालतात त्या एकेका रात्रीच्या पार्ट्या. आज या क्लबात, पुढच्या महिन्यात त्या शॅकवर. जाहिरात इन्स्टाग्रामवर आठवडाभर आधी येते, बहुतेक मुंबई-बेंगळुरूची मंडळी ती भरवतात, आणि मोसम साधारण नोव्हेंबर ते मार्च. 'क्वीअर नाइट' किंवा 'प्राइड नाइट' असं गोव्याच्या नावाबरोबर शोधा, तिकीट आधी काढा.

आधी का, तर दारावरच्या हिशेबामुळे. कळंगुट-बागाच्या बऱ्याच क्लबांत 'कपल' म्हणजे एक बाई आणि एक पुरुष. एकटा पुरुष म्हणजे 'स्टॅग'. त्याला एकतर आत घेत नाहीत किंवा जास्त पैसे लावतात. दोन पुरुष जोडीने गेले तरी ते कपल होत नाहीत, दोन स्टॅग होतात. (पुण्याच्या मुलांनो, हे तुम्हीही वाचा.) दारावरचा माणूस वाईट नसतो, त्याला मालकाने तसं सांगितलेलं असतं. त्याच्याशी हुज्जत घालून संध्याकाळ घालवू नका. दुपारी फोन करून विचारा: 'एकटा पुरुष, एंट्री किती?' वागातोर-हणजूणच्या संगीताच्या जागांवर बहुधा माणशी तिकीट असतं, तिथे हा प्रश्न येत नाही.

वेळेचंही सांगतो. तुम्ही सोलापूरच्या सवयीने नऊ वाजता पोचाल आणि रिकाम्या हॉलमध्ये वेटरांबरोबर बसाल. साडेअकराच्या आत जाऊ नका. दुपारी झोप काढा. उघड्यावरचं मोठं संगीत रात्री दहाला बंद करायचा नियम आहे, म्हणून रात्रीचे खेळ बंद हॉलमध्ये चालतात. पाळोळ्याला तर या नियमातून वाट काढत कानाला हेडफोन लावून नाचायच्या पार्ट्या निघाल्या. बाहेर उभं राहून बघितलं तर शे-दोनशे माणसं चूपचाप उड्या मारताना दिसतात.

आत गेलात की आधी दुसरा दरवाजा कुठे आहे ते बघून ठेवा. डिसेंबर २०२५ मध्ये हडफड्याच्या एका नाइट क्लबला आग लागून २५ माणसं गेली, आणि त्यांतली बहुतेक तिथे काम करणारी पोरं होती. मी त्या धंद्यातला माणूस, मला ते विसरता येत नाही. जिना एकच असेल, वाट अरुंद असेल, छताला झावळ्या-बांबू असतील आणि आत फटाक्यांचा खेळ चालू असेल, तर तिकिटाचे पैसे बुडाले तरी चालतील, बाहेर या.

आणखी एक, तुम्हाला आवडणार नाही कदाचित. 'आपल्या' माणसांना आयुष्यात पहिल्यांदा भेटायला गोव्याची डिस्को ही जागा मला पटत नाही. गाणं इतकं मोठं असतं की शेजारच्याचं नाव ऐकू येत नाही, आणि ज्याच्याशी ओळख होते तो सकाळच्या विमानाने जातो. तुम्हाला बसून बोलायचंय, हे तुमच्या पत्रातच दिसतंय. पुण्यात आपल्या माणसांसाठी समपथिक ट्रस्टचं काम २००२ मध्ये सुरू झालं, मुंबईत हमसफर ट्रस्टचं १९९४ मध्ये. सोलापूरहून पुणं किती लांब? आधी तिथे एखाद्या गप्पांच्या बैठकीला जाऊन या. त्यातूनच कोणी बरोबर आलं तर गोव्याची मजा वेगळी.

तरीही एकटेच येणार असाल तर पणजीत उतरा, किनाऱ्यावर नको. फोंताइनशच्या जुन्या घरांतले छोटे बार संध्याकाळी सहा-सातलाच उघडे असतात, चार टेबलं, मालक स्वतः ओततो. वय झालेले गोंयकार तिथे तासन्‌तास बसतात आणि एकट्या माणसाला आपणहून बोलतं करतात. तुम्ही मराठी बोला, ते कोकणी बोलतील, कुणाचं अडत नाही. शनिवारी रात्री हडफड्याला बाजार भरतो, तोही मोसमातच, कपडे-दागिने-खाणं-गाणं सगळं एका ठिकाणी. तिथे एकट्याने फिरणारा माणूस एकटा वाटत नाही. लिहा कसं झालं ते.

नाशिकहून: *आम्ही दोघी. गेल्या वर्षी गोव्यात एका प्रसिद्ध बीचवर पुरुषांच्या घोळक्याने आमचे मोबाइलवर फोटो काढले, एकाने येऊन 'दोघीच का?' असं विचारलं. पुन्हा यावंसं वाटतं, पण भीती आहे. कुठे जावं?*

तुमच्या बाबतीत प्रश्न दोघी प्रेमात आहात हा नाहीच, दोघी बायका आहात आणि बरोबर पुरुष नाही, हा आहे. त्या घोळक्याला दुसरं काही कळलेलंही नसतं.

दक्षिणेला जा. काणकोण तालुका. मडगावला उतरून पुढे बसने किंवा टॅक्सीने. पाळोळे हा अर्धचंद्रासारखा, आत वळलेला किनारा आहे, पाणी उथळ आणि बऱ्यापैकी शांत. डोंगराच्या पलीकडे पाटणे, आणखी शांत. आगोंद तर इतकं निवांत की कंटाळा येऊ शकतो. पण तिथला समुद्र ओढतो, पोहताना जपा. माडांच्या बागेत खांबांवर उभ्या केलेल्या लाकडी झोपड्या भाड्याने मिळतात. मोसम संपला की त्या उतरवून ठेवतात, म्हणून त्या ऑक्टोबर-नोव्हेंबर ते मे एवढ्याच. झोपडी घेताना दाराची कडी आतून नीट बसते का आणि मागच्या न्हाणीघराला पडदा आहे की भिंत, हे बघून मगच पैसे द्या. शक्यतो बाईमाणूस चालवते अशी जागा बघा, काणकोणात अशा आहेत.

लांब सुट्टीचे दिवस, म्हणजे १५ ऑगस्ट, २६ जानेवारी, दिवाळीनंतरचा आठवडा, हे टाळा. सोमवारी या, गुरुवारी निघा. त्याच किनाऱ्याचा तोंडवळा बदललेला दिसेल. वाळूवर नुसतं बसण्यापेक्षा शॅकचा पलंग घ्या. खाणंपिणं मागवलं की तो तुमचा होतो, आणि शॅकचा वेटर आपल्या गिऱ्हाइकापाशी घोळका येऊ देत नाही, कारण त्याचा धंदा बुडतो. फोटो काढणारा दिसला तर मोठ्याने बोला, मराठीतच बोला. जीवरक्षकाकडे जा, ते प्रत्येक मुख्य किनाऱ्यावर दिवसा असतात. नाहीतर ११२ लावा. चोरून फोटो काढणं, मागे लागणं हे गुन्हे आहेत आणि इथल्या पोलिसांना पर्यटकांची तक्रार नवीन नाही.

क्लबांत मात्र तुमची चंगळ आहे. दोन पुरुषांना ज्या दारावर अडवतात तिथे तुम्हाला 'लेडीज फ्री' म्हणून आत घेतील. मला यात काही न्याय दिसत नाही, पण तुम्ही फुकट जा.

बेळगावहून: *अॅपवर एकाशी ओळख झाली. तो म्हणतो हणजुण्यात खोली आहे, एकटा ये, मित्रांना सांगू नकोस. फोटो पाठवले आहेत, माझेही मागतोय, चेहऱ्यासकट. जाऊ का?*

नको.

'मित्रांना सांगू नकोस' म्हणणाऱ्याकडे दिवसाउजेडीसुद्धा जाऊ नये. या अॅपवरून बोलावून खोलीत आणखी दोघं-तिघं लपवायचे, व्हिडिओ काढायचा, मारहाण करायची आणि यूपीआयने पैसे उकळायचे, हा प्रकार देशभर चालतो. भेटायचंच असेल तर आधी व्हिडिओ कॉल करा, मग गजबजलेल्या ठिकाणी भेटा. म्हापशाच्या बाजारातल्या एखाद्या हॉटेलात चहाला बोलवा. तेवढ्याला जो येत नाही तो कशालाच येणार नव्हता. चेहरा आणि उघडं अंग एकाच फोटोत कधीच पाठवू नका. कुठे चाललोय ते एका तरी माणसाला सांगा, फोनवरचं लोकेशन चालू ठेवा, बरोबर थोडेच पैसे घ्या.

आणि समजा फसलातच, तर 'पोलिसांना सांगेन' या धमकीला भिऊ नका. संमतीने भेटणं हा गुन्हा राहिलेला नाही. त्याने केलेली खंडणी हा गुन्हा आहे, न्याय संहितेचं ३०८ कलम. पैसे ऑनलाइन गेले असतील तर लगेच १९३० या सायबर हेल्पलाइनवर फोन करा, तासाभरात केलेल्या तक्रारीत पैसे अडवले जाण्याची शक्यता जास्त असते. एकदा पैसे दिले की तो थांबतो असं समजू नका, पुढच्या पगाराला तो पुन्हा येतो.

बेळगावकरांनी विचारलेलं नाही, तरी इथेच सांगून टाकतो. निरोध घरून आणा, मध्यरात्री गावात औषधाचं दुकान उघडं नसतं. निरोध न वापरता काही झालं आणि एचआयव्हीची शंका वाटली तर वाट बघत बसू नका. त्यावर तातडीची औषधं असतात, ती ७२ तासांच्या आत सुरू करावी लागतात, जितकी लवकर तितकं बरं, आणि २८ दिवस घ्यावी लागतात. बांबोळीच्या गोवा मेडिकल कॉलेजात जा. १०९७ या सरकारी हेल्पलाइनवर फुकट माहिती मिळते. डॉक्टरला खरं सांगा, त्यांनी याहून बरंच काही ऐकलेलं असतं.

साताऱ्याहून: *मी दरवर्षी मंगेशी आणि शांतादुर्गेच्या दर्शनाला गोव्याला येतो. घरात मुलं-बाळं वाचतात अशा मासिकात असले विषय छापून तुम्ही गोव्याच्या संस्कृतीची बदनामी करता आहात.*

मंगेशीला जरूर या. सोमवारी या, पालखी असते.

संस्कृतीचं म्हणाल तर गोव्याची कुणबी साडी, ती लाल-पांढऱ्या चौकटीची, मागे पडत चालली होती. तिला नव्याने विणून देशभर नेलं ते गोव्याचे फॅशन डिझायनर वेंडेल रॉड्रिक्स यांनी. २०१४ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. कोलवाळच्या जुन्या घरात ते आपल्या फ्रेंच जोडीदाराबरोबर सगळ्यांच्या देखत राहिले, २००२ मध्ये फ्रेंच कायद्याखाली दोघांनी नात्याची नोंदही केली. २०२० च्या फेब्रुवारीत ते गेले तेव्हा गाव लोटला होता. कोलवाळ तुमच्या वाटेवरच आहे. म्हापशाला यायच्या आधी चापोरा नदीचा पूल लागतो ना, तेच.

डोंबिवलीहून: *माझा मुलगा सव्वीस वर्षांचा. पुढच्या महिन्यात 'मित्रा'बरोबर गोव्याला चाललाय. मला कळलंय, त्याने सांगितलेलं नाही. जाऊबाई म्हणतात, परत आला की डॉक्टरला दाखव, बरा होईल. जायच्या आधी विचारू का त्याला?*

ताई, जायच्या आधी नका विचारू. सुट्टीच्या तोंडावर मुलाला कोंडीत पकडलं तर तो खोटं बोलेल आणि चार दिवस तेच डोक्यात घेऊन वाळूवर बसेल. कोकणकन्येला बसवायला स्टेशनवर जा. डबा दोघांचा द्या. तिकडे पोचल्यावर फोन कराल तेव्हा 'दोघं जेवलात का?' असं विचारा. एवढ्यावरून मुलाला जे कळायचं ते कळतं.

जाऊबाईंना सांगा, हा आजार नाही आणि त्यावर औषध नाही. अशी 'बरं करण्याची' ट्रीटमेंट देणं हे डॉक्टरांचं गैरवर्तन आहे, असं राष्ट्रीय वैद्यक आयोगाने २०२२ मध्येच जाहीर केलंय. तुम्हाला स्वतःला कुणाशी बोलावंसं वाटलं तर वर सांगितलेल्या मुंबईच्या हमसफर ट्रस्टकडे विचारा, आई-वडीलही तिथे जातात. मुलाची काळजी करायचीच असेल तर स्कूटर आणि समुद्र यांची करा. लाल झेंडा असेल तिथे उतरायचं नाही, लाल-पिवळ्या झेंड्यांच्या मध्ये पोहायचं, पिऊन पाण्यात जायचं नाही. हे मात्र जायच्या आधी बजावा. एकवीस पूर्ण झाल्याशिवाय गोव्यात दारू देत नाहीत, तो तुमचा सव्वीसचा आहे, तेव्हा ती बंद करायला जाऊ नका, बाटली वाळूवर नेऊ नको एवढं सांगा. किनाऱ्यावर उघड्यावर प्यायल्यास दंड हजारांत आहे.

कोल्हापूरहून: *आम्हा दोघांना सुट्टी जूनमध्येच मिळते. त्या वेळी गोव्यात काही असतं का?*

पार्ट्या जवळजवळ नसतात. शॅक मेअखेर उतरवतात, समुद्र खवळलेला असतो आणि किनाऱ्याकिनाऱ्यावर लाल झेंडे. पोहायचं मनातून काढून टाका. बाकी सगळं असतं: अर्ध्या भावात खोल्या, हिरवीगार शेतं, रिकामे रस्ते. २४ जूनला सांजाव, म्हणजे सेंट जॉनचा सण, येतो. फुलापानांचे मुकुट घालून पोरं विहिरीत उड्या मारतात, शिवोलीला सजवलेल्या होड्या निघतात. बघायला उभे राहिलात तर तुमच्याही डोक्यावर कोणीतरी मुकुट ठेवेल. विहिरीत मात्र पोहता येत असेल तरच, आणि घरमालकाला विचारून. आंबोलीमार्गे येणार असाल तर धुक्यात गाडी दिवसा काढा. उराक, म्हणजे काजूची हलकी दारू, मिळणार नाही, ती मेपर्यंतच असते. फेणी बारमाही. मासेमारीची बंदी असते, त्यामुळे ताज्या मोठ्या मासळीची आशा नको. खाडीची मासळी आणि सुकं मिळेल, सुक्या सुंगटांची (कोळंबीची) किसमूर मागा, कोशिंबिरीसारखा कोरडा प्रकार असतो.